कमलाकाकीचा ठिपका

संध्याकाळी श्रेया परब ऑफिसातून चाळीत आली, तेव्हा राकेश मंडपवाल्याची माणसं बोळाच्या तोंडावर आडवे बांबू बांधत होती. ते बघितलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"राकेशभाऊ, बोळ कशाला बंद करताय?"

"सेल्फी पॉइंट येतोय ना इथे," राकेश शिडीवरूनच म्हणाला. "मोर, लायटिंग, सगळं. बिल्डर स्पॉन्सर आहे. आणि हे तुम्ही विचारताय होय? तुमच्याच कंप्युटरने पास केलंय ना. प्रफुल्लशेठनी सगळ्यांना दाखवलं, पब्लिक कशी सटासट जाते ते."

"माझ्या कंप्युटरने?"

"वेबसाइटवर तुमचे ते ठिपके नाहीत का? तेच."

श्रेयाचे कान तापायला लागले. चिडली की तिचे आधी कान तापतात, मग तोंड सुटतं; पण राकेशवर तोंड सोडून उपयोग नव्हता. तो सांगितलेले बांबू बांधत होता.

लालबागमधल्या सूतवाला चाळीचा गणपती काही फार मोठा नाही. पण मोठ्या गणपतींच्या रांगेत थकलेली माणसं जाता जाता इकडे वळतात, आणि लालबागमध्ये जाता जाता म्हणजे किती, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला सांगायला नको. गल्ली लांब आणि अरुंद. एका टोकाने आत यायचं, मधे मंडप, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मंडपाच्या अलीकडे, चाळीच्या दोन इमारतींमध्ये हा बोळ आहे आणि तो मागच्या शाळेच्या रस्त्यावर निघतो. कोणाला चक्कर आली, कोणाचं पोर रडून काळंनिळं झालं, मंडपासमोर रेटारेटी सुरू झाली, की स्वयंसेवक बोळावरची दोरी खाली टाकतात आणि माणसं तिथून बाहेर काढतात. मंडळ सुरू झाल्यापासून हे असंच चालत आलंय. बोळ का उघडा ठेवायचा, हे मात्र कोणी कधी कोणाला समजावून सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. घोटाळा झाला तो तिथेच.

आता त्या ठिपक्यांचं. श्रेया लोअर परळला एका कंपनीत वेबसाइटी बनवते. कुठल्याही पानात उचलून बसवता येतील असे हलते-डुलते तुकडे तयार करणं, हे तिचं रोजचं काम. मंडळाची वेबसाइट तिने हौसेने करून दिली, आणि पहिल्याच पानावर असा एक तुकडा बसवला: गल्लीचा नकाशा आणि त्यातून वाहणारे गुलाली ठिपके. प्रत्येक ठिपक्याला वेग होता, वजन होतं. भिंतीला आपटला की तो मागे फिरायचा. बोट ठेवलं की जवळचा ठिपका बोटाला चिकटायचा आणि रबराने ओढल्यासारखा बोटामागून यायचा. पोरं ठिपके ओढून बाप्पाच्या पायाशी नेऊन सोडायची. गावाकडचे पाहुणे फोन हातातून खाली ठेवत नसत. मंडप बदलला तर नकाशाही बदलावा, म्हणून मंडळाच्या लोकांना त्यात भिंती टाकायची सोय होती.

फक्त एक गोष्ट तिने बंद ठेवली होती. ठिपक्यांची आपसातली टक्कर. टक्कर दाखवायची म्हणजे प्रत्येक ठिपक्याने उरलेल्या हजारो ठिपक्यांकडे बघायचं, कोण माझ्या वाटेत आहे ते तपासायचं, आणि तेही दर क्षणाला. त्याने साध्या फोनला घाम फुटतो. चाळीतले निम्मे फोन आचके द्यायला लागले, तेव्हा तिने टक्कर काढून टाकली. मग ठिपके एकमेकांच्या अंगातून आरपार जायला लागले. दिसायला उलट जास्तच छान दिसलं. गुलालच तो, त्याला काय लागणार होतं? ती हे कोणाला बोललीही नाही. बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही तिला.

ती घरी न जाता तशीच भोईवाड्याला गेली. तिथे प्रफुल्लचा कोचिंग क्लास होता. प्रफुल्ल चाळीतलाच, तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा, बरीच वर्षं मंडळात या ना त्या पदावर आणि यंदा नवा कार्याध्यक्ष झालेला. एक बॅच सुटली होती, दुसरी यायची होती. तो नव्या टचस्क्रीन फळ्यासमोर उभा राहून चहा पीत होता.

"दादा, माझ्या ठिपक्यांवरून तू बोळ बंद केलास?"

"ये ये, बस ना. अगं, हिट झालं तुझं सिम्युलेशन! पोलीस ठाण्याच्या मीटिंगला लावलं मी. साहेब म्हणाले, असं कुठल्याच मंडळाकडे नाही. तुझं नाव पण सांगितलं, बरं का."

"सिम्युलेशन नाहीये ते. शोभेचं आहे."

"शोभेचं कसं? गल्ली बरोब्बर मापात आहे. मी स्वतः चेक केलं. नकाशात बोळावर भिंत टाकली, तरी फ्लो सेम टू सेम."

"सेमच राहणार! ठिपके एकमेकांच्या अंगातून जातात, दादा. माणसं जातात का?"

प्रफुल्ल हसला. त्या हसण्यात काही दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच श्रेयाचा संताप आणखी वाढला. पाचवीतल्या मुलीने मोठी शंका विचारली की शिक्षक हसतात, तसा तो हसला होता.

"एवढं टेक्निकल कोण बघतं गं?"

"तू फिजिक्स शिकवतोस ना रे? पोरांना काय सांगतोस, दोन वस्तू एकाच जागी मावतात म्हणून?"

आता त्याने कप खाली ठेवला. "हे बघ श्रेया. मंडळ चालवायला स्पॉन्सर लागतो. त्याला बोळच पाहिजे, कारण तिथून फोटोत मागे बाप्पा येतो. गर्दीचं आम्ही इतकी वर्षं बघतोय, यंदाही बघू. तू डिझाइनचं बघ."

"टक्कर बंद आहे, हे पोलिसांना सांगितलंस?"

"तू मला सांगितलं होतंस?"

हे मात्र तिला लागलं. नव्हतं सांगितलं. गुलालाबद्दल असं कोण सांगतं? पण त्या गुलालाच्या जिवावर हा माणूस उद्या खरी माणसं कोंडणार होता, आणि काही झालं तर तिचं नाव पुढे करून हात झटकणार होता.

"मी जाऊन सांगते साहेबांना."

"जा की. परवानगीच काढून घेतील ते. मग बाप्पा कुठे बसवायचा, ते चाळीला तूच सांग."

दुसऱ्या बॅचची पोरं जिन्यावर धडधडत वर येत होती. श्रेया दारातून म्हणाली, "रविवारच्या मीटिंगपर्यंत थांबते. तोवर बोळ उघडला नाही, तर सोमवारी सकाळी ठाण्यात असेन. मग खुशाल माझ्या नावाने शंख करा."

घरी आली तर भाऊ जेवत होता. हितेंद्र, मंडळाचा स्वयंसेवक प्रमुख. वीस वर्षं बोळावरची दोरी त्याच्याच हातात होती. हातांना तिचे घट्टे पडले होते.

"हितूदादा, तू त्या मीटिंगला होतास?"

"होतो."

"आणि गप्प बसलास?"

हितेंद्रने भाताचा घास कालवला आणि तसाच ठेवला. "मला पण बरं नव्हतं वाटलं. पण तो कंप्युटर दाखवत होता. साहेब माना डोलवत होते. त्यात तू केलेलं. मी म्हटलं, हिने काढलंय म्हणजे विचार करूनच काढलं असणार. मी मधे काय बोलणार?"

"दोरी कोणाच्या हातात असते? माझ्या की तुझ्या?"

"आता जेवणावर भांडू नको," आई आतून म्हणाली, आणि हितेंद्र खाली मान घालून जेवायला लागला. श्रेयाला त्याची कीव आली आणि रागही आला. वीस वर्षं गर्दीची छाती आपल्या छातीवर झेलणारा माणूस, आणि चार रंगीत ठिपक्यांपुढे त्याची बोलती बंद झाली होती.

तिने लॅपटॉप उघडला. एका ओळीत 'बंद' होतं तिथे 'चालू' लिहिलं. टक्कर सुरू झाली. बोळावर प्रफुल्लने टाकलेली भिंत तशीच ठेवली आणि रस्त्याकडून ठिपके सोडले.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. मग मंडपाच्या वळणावर ठिपके एकमेकांना टेकले. मागून येणारे त्यांना टेकले. वेग कमी झाला, रांग दाटली, दाटून थबकली, आणि रस्त्याकडून नवे ठिपके येतच राहिले. बोळाच्या तोंडापाशी तर सगळा रंग एक झाला. वेगळा ठिपका असा दिसेचना. नुसती थरथर. असंच होणार हे तिला माहीत होतं. तिने तो बदल तसाच वेबसाइटवर चढवला आणि लॅपटॉप मिटला.

सकाळी चाळीच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस. 'साइट हँग झाली.' 'ठिपके अडकले.' 'बाप्पा दर्शन देईना, श्रेयाताई रिपेअर करा.' खाली हसरे चेहरे. प्रफुल्लने लिहिलं होतं, 'किरकोळ बग आहे. श्रेया, रविवारी सगळ्यांना दाखवायचंय, त्याआधी फिक्स कर प्लीज.'

ऑफिसात, काचेच्या भिंतीपाशी उभी राहून तिने ते वाचलं. खोटं होतं तोवर ते सिम्युलेशन होतं. खरं दाखवलं तर बिघाड झाला. तिने उत्तर टाइप केलं, 'बग नाही, आपली गल्ली आहे.' त्यावर कोणीतरी अंगठा दिला आणि पुढे मोदकांच्या ऑर्डरची चर्चा सुरू झाली. फोन भिंतीवर फेकावा असं तिला वाटलं. फेकला नाही, कारण हप्ते अजून चालू होते.

दिवसभर ती धुमसत राहिली. हजारो ठिपके एकमेकांना चिरडताना दिसतात, आणि माणसं हसरे चेहरे पाठवतात. का? तर त्यातला एकही ठिपका कोणाचा कोणी नाही म्हणून.

रविवारी सकाळी चाळीच्या व्यायामशाळेत मीटिंग भरली. वजनं आणि मल्लखांब भिंतीला सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. प्रफुल्लने क्लासमधला टचस्क्रीन फळा टेम्पोतून आणून समोर उभा केला होता. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. बायकांत सगळ्यांच्या पुढे, गुडघे दुखतात म्हणून एकटीच खुर्चीवर, प्रफुल्लची आई कमलाबाई बसली होती.

या चाळीत एक जुना नेम आहे. ज्याच्या घरातलं माणूस मंडळात पदावर, त्याच्या घरच्यांनी मागच्या दाराने दर्शन घ्यायचं नाही. रांगेतूनच यायचं, बाहेरगावच्या माणसासारखं. जुन्या लोकांनी तो कसोशीने पाळला. पुढे पास आले, फिती आल्या, आणि पदाधिकाऱ्यांची कुटुंबं झोकात मागून शिरायला लागली. एकट्या कमलाबाईने तो सोडला नाही. दरवर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अनवाणी रस्त्यावर जाते, रांगेच्या शेपटाला उभी राहते आणि गुडघे धरत, टेकत, मुलाच्याच मंडपात पोचते. प्रफुल्ल तिला दरवर्षी रागावतो. ती दरवर्षी ऐकत नाही.

फळ्यावर वेबसाइट उघडली. ठिपके आले, दाटले, अडले. हशा पिकला.

"हँग झालं!"

"रिफ्रेश कर रे!"

प्रफुल्लने रिफ्रेश केलं. ठिपके पुन्हा आले, पुन्हा अडले. "श्रेया, मी तुला सांगितलं होतं," तो तिच्याकडे बघून म्हणाला, आणि लोकांकडे वळून, "बरं, असू दे. हे बंद करू. आराखडा पोलिसांनी बघितलाच आहे, तेव्हा आपण पुढचा विषय..."

"पुढचा विषय नाही." श्रेया उठून फळ्यापाशी गेली. "काहीही हँग झालेलं नाही. आधी मी ठिपक्यांची टक्कर बंद ठेवली होती. ते एकमेकांच्या अंगातून जात होते. भुतासारखे. ते बघून तुम्ही बोळ बंद केलात. आता टक्कर चालू आहे. माणसाला माणूस लागतो, तसा ठिपक्याला ठिपका लागतो. आणि बोळ बंद असला की हे असं होतं."

"ठिपकेच आहेत ना पण," मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा थोडं हसू.

बस. श्रेयाने फळ्याला जोडलेला कीबोर्ड ओढला, बोळाच्या तोंडापाशी दाटलेल्या गोळ्यातला एक ठिपका निवडला, पिवळा केला आणि त्याच्यावर नाव लिहिलं. ते नाव ठिपक्याच्या डोक्यावर उमटलं आणि त्याच्याबरोबर थरथरायला लागलं. कमलाबाई.

व्यायामशाळेतलं हसू थांबलं.

"माका कित्याक घातलंस गो त्यात?" कमलाबाईने खुर्चीतून विचारलं.

"कारण त्या रांगेत तुम्हीच असता, काकी. इथे बसलेल्या दुसऱ्या एकाच्याही घरचं माणूस नसतं."

"काय नाटक लावलंयस?" प्रफुल्लचा चेहरा लाल झाला. "काढ ते नाव. आत्ताच्या आत्ता काढ."

"नाव नाही, तिला काढ. बोट लाव. बोटाला ठिपका चिकटतो, पोरांना पण येतं ते. गर्दीचं तुम्ही बघता ना? बघ. तुझीच आई आहे, बाहेर आण तिला."

"श्रेया, तू मर्यादा सोडतेयस."

"तू बोळ सोड, मी मर्यादा धरते."

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो न हलता तर हरलाच असता, म्हणून त्याने पुढे होऊन फळ्यावर बोट टेकवलं. पिवळा ठिपका बोटाला धरला गेला. त्याने बोट बोळाकडे ओढलं. ठिपका वाटीच्या रुंदीएवढा सरकला, बांबूच्या भिंतीला टेकला आणि थांबला. मग त्याने बोट मागे, रस्त्याच्या दिशेने ओढलं. मागून येणारे ठिपके वाट देईनात. बोट आणि ठिपका यांच्यामधली बारीक रेघ ताणत गेली, आणखी ताणली आणि सुटली. पिवळा ठिपका पुन्हा गोळ्यात गेला.

त्याने पुन्हा धरला. पुन्हा सुटला. आता तो घाईघाईने करायला लागला. एका हाताने बाजूचे ठिपके ढकलायचे आणि दुसऱ्याने पिवळा ओढायचा. ढकललेले ठिपके बाजूच्यांवर चढायचे आणि लगेच मागे यायचे. लोक बघतायत हे तो बहुतेक विसरला होता. कपाळावर घाम आला होता. फळ्यावर बोटांचे ओले ओरखडे उठत होते. हितेंद्र कधी उठून त्याच्यामागे येऊन उभा राहिला, ते कोणाला कळलं नाही. त्याची घट्टे पडलेली बोटं नसलेल्या दोरीभोवती आवळली होती.

"प्रफुल्ला," कमलाबाईने हळू आवाजात विचारलं, "मी अजून आतच आसंय मा रे?"

प्रफुल्लचं बोट फळ्यावर तसंच राहिलं. त्याने मागे वळून बघितलं नाही.

श्रेयाने कीबोर्डवर एक कळ दाबली. नकाशातली बोळावरची भिंत गेली. काठाचे ठिपके आधी एकेक, मग पाच-दहा करत बोळातून मागच्या रस्त्यावर निघायला लागले. गोळा सैल झाला. ठिपके पुन्हा वेगळे वेगळे दिसायला लागले. सगळ्यांचे डोळे त्या एका पिवळ्या ठिपक्यावर होते. तो धक्के खात, अडखळत, भिंतीला घासत बोळात शिरला आणि पलीकडे निघाला.

"राकेश," प्रफुल्ल म्हणाला. राकेश दारातच उभा होता. "बोळातले बांबू सोड. मोराला दुसरीकडे बघू कुठेतरी."

"आणि स्पॉन्सर?"

"मी बोलतो त्याच्याशी. आणि ठाण्यात पण जाऊन येतो." मग श्रेयाकडे न बघता, "तू पण चल."

एकदम आवाज उठला. सगळेच एकदम बोलायला लागले. शाब्बास पोरी, असं कोणीतरी म्हणालं. कोणी सांगायला लागलं की आपल्याला पहिल्यापासूनच हे पटलं नव्हतं. श्रेयाला वाटलं होतं, बांबू सुटले की राग उतरेल. तो उतरला नाही. उलट ती शाब्बासकी कानावर पडली आणि उरलासुरला संयमही गेला.

"शाब्बास कसली?" ती ओरडली. "चार दिवस तुमच्या फोनवर हेच दिसत होतं. हेच! तुम्ही हसरे चेहरे पाठवलेत. काकींच्या शेजारचे ठिपके कोण होते? त्यांना आई नव्हती? नाव घातल्याशिवाय तुम्हाला माणूस दिसतच नाही का?"

हितेंद्र सतरंजीकडे बघत होता. लोक हळूहळू उठायला लागले, चहाची किटली फिरायला लागली.

प्रफुल्ल फळ्यापाशी आला. आता त्याचा आवाज खाली होता. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता आईचं नाव काढ तिथून. बरं दिसत नाही ते."

"नाही."

"श्रेया..."

"दहा दिवस राहील ते. साइटवर, सगळ्यांच्या फोनवर. टक्कर पण चालूच राहील, फोन रडले तर रडू देत. बोळ उघडा असेल तोवर काकी रोज बाहेर येतील. तिथे तू एक खुर्ची जरी टाकलीस ना दादा, तरी मी ती नकाशात टाकणार. मग अडकतील त्या, आणि अख्खं लालबाग बघेल."

प्रफुल्लने आईकडे बघितलं. आता तिने तरी आपली बाजू घ्यावी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. कमलाबाई फळ्यावरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत होती. तो शाळेच्या रस्त्याने निघून, वळसा घालून, पुन्हा मोठ्या रस्त्यावर रांगेच्या शेपटाला येऊन उभा राहिला होता.

"नाव ऱ्हवांदे," ती म्हणाली, आणि खुर्चीचा हात धरून उठली.